न पडता बत्तीस दिवस

"रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आहे." तिने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

मी चष्मा लावून तो वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि वहीतल्या पहिल्या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली. वहीत असे तेवीस प्रश्न होते. शिक्षण कुठे झालं, अनुभव किती, खुब्याचे किती पेशंट पाहिले, त्यांतल्या दोघांचे फोन नंबर, व्यायाम चालू असताना पेशंटला चक्कर आली तर काय करणार, आणि आपण स्वतः आजारी असलात तर बदली कोण येणार. मुलीचं नाव तेजस्विनी मगदूम. वय असेल सव्वीस-सत्तावीस. ती सोफ्याच्या कडेवर बसून एकेक उत्तर देत होती. सतराव्या प्रश्नाला तिने घड्याळाकडे पाहिलं, ते मी मनातल्या मनात नोंदवलं.

याला दहा-अकरा वर्षं झाली. आई तेव्हा एकोणऐंशीची होती. परसातल्या शेवग्याच्या शेंगा काठीने पाडताना तिचा तोल गेला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत नवा बॉल बसवला. घरी सोडताना सर्जन म्हणाले, "सहा आठवड्यांनी दाखवायला आणा, आणि तेव्हा त्या चालत आत आल्या पाहिजेत. या वयात एकदा अंथरूण धरलं की सुटत नाही." फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं जिन्याने चढून पहिल्या मजल्यावर. त्यामुळे कुणीतरी घरी यायला हवं होतं, आणि परक्या माणसाने घरी येऊन आईचा पाय ओढणं सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायचं माझ्याकडे होतं.

माझ्याइतका लायक माणूस त्या कामाला अख्ख्या कोल्हापुरात सापडला नसता. एका फौंड्रीत चौतीस वर्षं मी सुरक्षा अधिकारी होतो. वितळलेलं लोखंड, क्रेन, साचे, शेकडो माणसं. आणि तरीही आम्ही सलग एक हजार दिवस अपघाताविना काढले होते. त्या वेळी प्रत्येक कामगाराला एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तबकडीवर लाल अक्षरांत 'एक हजार दिवस अपघाताविना'. आमच्या हॉलमध्ये ते होतंच, आणि मुलीने सतराव्या प्रश्नाला पाहिलं तेही त्याच घड्याळाकडे.

"हजार दिवस?" ती म्हणाली. "खरंच कुणाला काही झालं नाही, काका?"

"नोंदवहीत एकही अपघात नाही," मी म्हणालो.

"नोंदवहीत," ती म्हणाली, आणि मी अठराव्या प्रश्नावर गेलो.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "कुठल्या मगदूम गं तू?"

"नांदणीच्या, आजी."

"मग झालं की! भूपाला, आपल्याच बाजूची, नांदणीची हाय पोरगी. आणि काय बघतोस? पाठीव तिला आत."

माझे पाच प्रश्न राहिले ते राहिलेच.

आत गेल्यावर मुलीने आधी पाय पाहिला नाही, खोली पाहिली. पलंगापासून बाथरूमपर्यंत ती पावलं मोजत गेली, उंबऱ्याशी थांबली, मी अंथरलेल्या तीन रबरी मॅट तिने पायाने बाजूला सारल्या. "यांत वॉकर अडकतो. काढून टाका." मग तिची नजर पलंगासमोरच्या भिंतीवर गेली. तिथे मी एक पांढरा बोर्ड लावला होता. वर लिहिलं होतं 'न पडता गेलेले दिवस', आणि खाली मोठा आकडा: ६.

"हे काय?"

"फॅक्टरीत गेटवर असतो. रोज सकाळी आठ वाजता आकडा बदलायचा. माणसाला शिस्त लागते."

"मला तारीख कळती त्याच्यावरनं," आई म्हणाली. "एवढंच."

मग मुलगी आईजवळ बसली आणि तिने एक प्रश्न विचारला. तो माझ्या तेवीसांत नव्हता. "आजी, तुम्हाला काय करता यायला पाहिजे?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे, शैलजाकडे. शैलजाने पलंगाखालचं भांडं पायाने आणखी आत सरकवलं.

"मला माझं माझं संडासला जायचंय," आई म्हणाली. "बाकी काय नको. चार पोरं वाढवली मी, कुणासमोर असं पडून राहिले न्हाई कधी. आता सुनेनं भांडं लावायचं आणि लेकानं दाराबाहेर उभं ऱ्हायचं. पाणी प्यायला बी नको वाटतंय."

ती पाणी कमी पीत होती हे मला माहीत होतं. तहान कमी झाली असेल, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं. आता तिचं ऐकून मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो. मी मुलीला विचारलं, "मग? घरी करणं योग्य आहे की नाही?"

"आत्ता तरी आहे," ती म्हणाली. "जखम चांगली आहे, ताप नाही, पोटरीला सूज नाही. छातीत दुखलं, दम लागला, पोटरी सुजली किंवा पाय एकाएकी आखूड वाटला, तर मला नाही, सरळ हॉस्पिटलला फोन करायचा. काकू, दिवसातून तीन वेळा वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत. तुम्ही बाजूला असायचं, पण धरायचं नाही. आणि एक गोष्ट. आजी पडल्या, धडपडल्या, नुसत्या भिंतीला टेकल्या, तरी मला कळलं पाहिजे. लपवलं तर मला घरी येता येणार नाही."

"आमच्या घरात लपवाछपवी चालत नाही," मी म्हणालो. "चौतीस वर्षं मी हेच शिकवत आलोय लोकांना."

शैलजा खिडकीबाहेर बघत होती.

मगदूमबाई सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी यायला लागल्या. वयाने मुलगी, पण तोंडावर मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि मनात बाई. त्या आईला उभं करायच्या, मी मागे दोन हात पसरून उभा. आईने पाऊल टाकलं की मी "सावकाश!" म्हणायचो. पुढचं पाऊल टाकलं की "थांब!" तिसऱ्या दिवशी मगदूमबाईंनी मला चहा करायला पाठवलं. मी चहा केला, तो घेऊन आलो तर आई खिडकीपर्यंत पोचली होती. मला आनंद झाला, पण खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

दिवसातून तीन वेळा चालवण्याच्या सूचनेत मी माझ्या अधिकारात दुरुस्ती केली. एकदाच, आणि तेही मी घरी असताना, दोघांनी दोन बाजूंनी दंड धरून. "आत्ती, हे म्हणतात तसं करू," एवढंच शैलजा आईला म्हणाली. मी तिला शाबासकी दिली.

गंमत अशी की आई भराभर सुधारायला लागली. मगदूमबाई दर खेपेला खूश व्हायच्या. "काकू, नियमित करताय ना?" आणि शैलजा म्हणायची, "करतोय की." बोर्डवर १५ झाले, २० झाले, २८ झाले. माझ्या पद्धतीचा हा विजय आहे असं मी वाचनालयात चारचौघांना सांगितलं. मी रोज चार ते सहा वाचनालयात जायचो. त्या दोन तासांत आमच्या घरी काय चालतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

बत्तिसाव्या दिवशी गुरुवार होता. मगदूमबाईंनी आईला कुशीवर वळायला सांगितलं आणि आईच्या तोंडून "आई गं" निघालं. तिने लगेच ओठ मिटले. बाईंनी पातळ जरा वर सारलं. मी तोंड फिरवलं, पण त्याआधी मला दिसलं होतं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा काळानिळा डाग.

"हे कधी झालं, आजी?"

"पलंगाची कड लागली."

"पडलात?"

"न्हाई. मी पडलेच न्हाई."

बाईंनी आईचे दोन्ही पाय सरळ ठेवून टाचा जुळवून पाहिल्या. पाय किती वर उचलतो ते पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. उठून त्यांनी सर्जनच्या हॉस्पिटलला फोन लावला आणि अँब्युलन्स मागवली. "आज व्यायाम नाही. आधी एक्स-रे. आजींना उभं करू नका."

"अहो मॅडम, पण आई पडली नाही!" मी म्हणालो. मी अक्षरशः बोर्डकडे बोट दाखवलं. "बघा ना. बत्तीस दिवस!"

"काका, ती जखम पलंगाच्या कडेची नाही."

"म्हणजे आई खोटं बोलते?"

शेवटी शैलजा म्हणाली, "मंगळवारी पडल्या." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही वाचनालयात गेल्यावर आम्ही रोज चालतो. पहिल्या आठवड्यापासनं. मॅडमनी सांगितलंय तसं, तीन वेळा. मंगळवारी बाथरूमच्या उंबऱ्याशी वॉकर अडकला आणि त्या बसल्या खाली. मी उचललं."

"दोन दिवस!" मी ओरडलो. "नवा बॉल बसवलेला खुबा, आणि दोन दिवस मला सांगितलं नाही? निसटला असता म्हणजे? हा काय पोरखेळ आहे?"

"ओरडू नकोस तिच्यावर," आई म्हणाली. "मीच सांगू नको म्हटलं."

"का?"

"तुझा आकडा मोडला असता की रे."

"आकड्याचं काय एवढं, आई!"

"आकड्याचं काय?" आई उशीवर जरा वर सरकली. "रोज सकाळी आठ वाजता आंघोळ करून येतोस, आकडा काढतोस, आणि मागं सरकून बघतोस. मला कधी तसं बघितलं न्हाईस. पडले म्हणून सांगितलं असतं तर मला परत अंथरुणाला खिळवून ठिवलं असतंस. आणि मग ते भांडं. मरेपर्यंत ते भांडं. त्यापरास म्हटलं, पडलेच न्हाई."

"असं कुणी करतं का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडी दया होती, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

"तूच करत होतास न्हवं? हणमंता चौगल्याला जीपमधनं न्यायचास. विसरलास?"

मी विसरलो नव्हतो. विसरता येईल असं वाटलं होतं, एवढंच.

फॅक्टरीतला नऊशे चौदावा दिवस. हणमंत चौगलेच्या पायावर साच्याची लोखंडी पेटी पडली, घोट्याजवळची दोन हाडं मोडली. अपघाताची नोंद कधी होते, तर माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकला नाही तर. मग आम्ही त्याला आणला. रोज सकाळी माझी जीप हणमंतच्या घरी जायची, प्लास्टर घातलेला पाय उचलून दोघे त्याला आत ठेवायचे, आणि तो टाइम ऑफिसात खुर्चीवर बसून हजेरीपटावर सही करायचा. दिवसभर तो तिथेच बसायचा. बावीस दिवस. हजेरी पूर्ण, अपघात शून्य. प्लास्टर निघाल्यावर पायाला व्यायाम हवा होता. पण झालाच नाही अशा अपघाताच्या पायाला व्यायामासाठी रजा कशी द्यायची? तो घोटा पुढे कधी वळला नाही. हजाराव्या दिवशी हणमंत लंगडत स्टेजवर आला आणि माझ्या हातून त्याने घड्याळ घेतलं. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

"तुला न्यायला जीप आपल्या दारात थांबायची," आई म्हणाली. "मी त्याला चहा न्यायची बाहेर. एकदा विचारलं, काय रे बाबा, कसा पडलास? तर म्हणाला, 'आई, मी पडलोच न्हाई.' आणि हसला. मला तवा काय उमगलं न्हाई. आता उमगलं."

हॉलमधल्या त्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू यायला लागली. मला ते जाऊन फोडावंसं वाटलं. अँब्युलन्स आली म्हणून ते वाचलं.

एक्स-रेची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. शैलजा आत आईजवळ होती. मगदूमबाई पुढचे पेशंट रद्द करून थांबल्या होत्या. माझ्या हातात सवयीने ती तेवीस प्रश्नांची वही आली होती.

"तुम्ही माझ्यासाठी तेवीस प्रश्न काढलेत," त्या म्हणाल्या. "त्यात काही चूक नव्हतं, काका. परका माणूस घरात घ्यायचा तर विचारायलाच पाहिजे. पण मलाही ठरवावं लागतं, या घरी जाऊन काम करणं पेशंटला धोक्याचं आहे का. मी खोली बघितली, उंबरा बघितला. बोर्डही बघितला, आणि हसून सोडून दिला. ती माझी चूक."

"मग आता?"

"आता मी लिहून देणार आहे की तुमच्या घरी हे नको. क्लिनिकला आणा. जिना आहे, त्रास होईल. पण तिथे पेशंट पडला तर लगेच कळतं. तुमच्या घरी पडलं तर सांगता येत नाही."

चौतीस वर्षांत कुणी माझ्या जागेला असुरक्षित ठरवलं नव्हतं. निरीक्षक यायचे, चहा पिऊन सही करून जायचे. आणि ही नांदणीची मुलगी बाकावर बसून मला नापास करत होती. मी काहीतरी तिखट बोलणार होतो. पण जिन्याच्या पायरीवर बसून दम खाणारी आई मला दिसली, आणि त्या जिन्याच्या भीतीने ती क्लिनिकला जाणंच सोडून देईल हेही दिसलं. मग पलंग, आणि पलंगाखालचं ते भांडं.

"मॅडम, नका सोडू," मी म्हणालो. "मी बोर्ड काढून टाकतो. आजच."

"बोर्डनं काय केलंय? राहू दे," त्या म्हणाल्या. "खरं लिहिता का, तेवढं सांगा. चार खेपा येते. मग बघू."

एक्स-रे चांगला आला. बॉल जागच्या जागी होता, नुसता मुका मार. सर्जन म्हणाले, "नशीब तुमचं." घरी येऊन आईला झोपवलं आणि मी बोर्डपुढे उभा राहिलो. ३२ पुसायला फडकं शोधलं, सापडेना, मग अंगठ्यानेच पुसलं. तिथे शून्य काढलं. आयुष्यात पहिल्यांदा काढत होतो. मला रडू आलं. हणमंतसाठी आलं की आईसाठी, ते मला तेव्हाही कळलं नाही. आई डोळे मिटून पडली होती. झोपलेली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ आई चालायला लागली, माझ्यादेखत. शैलजा बाजूला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायचो, कारण मोकळे राहिले की ते आपोआप पुढे जायचे. बाथरूमचा उंबरा सुताराकडून काढून घेतला, आत भिंतीला धरायचा दांडा बसवला. बोर्डवर १ आला, ३ आला, ५ आला. मगदूमबाई आल्या की आधी बोर्ड बघायच्या, मग आईला विचारायच्या, "खरं ना, आजी?"

नवव्या दिवशी, चौथ्या खेपेच्या सकाळी, आई वॉकर घेऊन उठली आणि शैलजाला म्हणाली, "तू हितंच बस. मी जाऊन येते."

शैलजाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. हे न बोलणं मला फार अवघड गेलं. आई बारा पावलं चालत गेली, आत शिरली, आणि दार लोटून घेतलं. कडी लावायची नाही असं ठरलं होतं, ते तिने पाळलं. मी दाराबाहेर उभा. आत पाण्याचा आवाज झाला. मग नळ बंद झाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग काहीतरी भिंतीवर आपटलं.

मी दाराला हात घातला.

"आत येऊ नकोस," आतून आई म्हणाली. "हाईस न्हवं तिथं कान लावून?"

"आई, काय झालं?"

"काय न्हाई. वळताना झोक गेला. दांडा धरला, खांदा टेकला भिंतीला. लागलं न्हाई कुठं." ती थांबली. "ती पोरगी म्हणाली होती न्हवं, टेकलं तरी सांगायचं? तर सांगितलं. जा, पुस जा ते."

मी दार उघडलं नाही. खोलीत गेलो, अंगठ्याने नऊ पुसले आणि शून्य काढलं. मागे वॉकरची टकटक येत होती, सावकाश, एकसारखी. आई येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. पदराला हात पुसले, डोळे बारीक करून बोर्डकडे पाहिलं.

"एवढंसं काय काढलंयस?" ती म्हणाली. "जरा मोठं काढ. पोरगी यायची वेळ झाली, तिला दारातनंच दिसू दे."